गणकराजांच्या मखमली खोळीची बखर

श्रीगजानन प्रसन्न. विजेचा प्रवाह अखंड राहो आणि पंख्याचें पातें फिरतें राहो, ऐसें आधीं मागून घेतलें आणि मग लेखणी धरिली. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मास वैशाख. संवत्सराचें नांव जैसें तैसाच त्याचा स्वभाव. सूर्यनारायणें ऐसा कोप केला कीं कावळे चोंच उघडोन बसले, रस्त्याचें डांबर जोड्यास चिकटोन घरापर्यंत येऊं लागलें, आणि दरबारांत मुजऱ्यास वांकलेला मानकरी वर उठेना, कां कीं खालीं फरशी जरा गार लागे. हें कोणत्या राज्यांत घडलें तें लिहावयाची आज्ञा नाहीं. वाचणाऱ्यानें ओळखिलें तर त्यास आमचा इलाज नाहीं.

त्या राज्यांत डेस्कटॉप जातीचा संगणक एक, दरबारीं नांदत असे. काळी पेटी, पोटांत पंखा, समोर पडदा, पायाशीं कळफलक, ऐसें रूप. परंतु पराक्रम थोर. तलावाचीं दारें सकाळीं उघडावीं आणि माध्यान्हीं मिटावीं तीं त्यांनींच, कारकुनांची हजेरी घ्यावी ती त्यांनींच, आणि ज्यास खरमरीत पत्र जावयाचें त्यास तेंही त्यांनींच धाडावें. म्हणोन त्यांस 'गणकराज' ऐसा किताब जाहला होता. राज्य थोरल्या आऊसाहेब पाहत; चिरंजीव विद्येस्तव परदेशीं, ते येईतों शिक्का आऊसाहेबांचे हातीं. त्यांचा गणकराजांवर फार लोभ. एके दिवशीं त्यांचे मनीं आलें कीं येवढें राज्य हांकणारा पुरुष उघडाबोडका मेजावर बसतो, ही कांहीं रीत नव्हे. मग आपले हातें डाळिंबी मखमलीची खोळ शिवली, कांठास जर लाविली, चहूं कोपऱ्यांस गोंडे सोडिले, आणि गणकराजांस नखशिखांत पांघरविली. तें पाहोन दिवाण धोंडो मल्हार यांस वाटलें, आपण मागें कां राहावें? त्यांनीं सागवानी मखर करविलें, त्यास कांचेचीं दारें बसविलीं, आणि पुढें समई ठेविली. मग कोणीसा म्हणाला कीं तलावाच्या दारांस अद्यापि हातानें फिरवावयाचीं चाकें आहेत, हा तर गणकराजांवर उघड अविश्वास. दिवाणांस तें पटलें. चाकें कापोन आटविलीं आणि त्यांची आरतीची घंटा ओतिली. घंटेचा नाद फार गोड, हें शत्रूही कबूल करितील.

गणकराजांच्या खासगीस तिमाजी नरसी यंत्रनवीस होते. गृहस्थ हुशार, परंतु हुशारी उपरण्याखालीं झांकोन ठेवणारा. ज्यास पोटांतल्या पंख्यानें वारा ओढावयाचा आहे त्याच्या नाकातोंडावर मखमल घालूं नये, आणि घातली तर निदान पेटाऱ्यांत कोंडूं नये, हें त्यास पक्कें कळत होतें. परंतु मखमल आऊसाहेबांचे हातची आणि पेटारा दिवाणांचा, हेंही कळत होतें. आणि अशा दोन गोष्टी एकदम कळल्या म्हणजे दरबारांत मनुष्य गप्प बसतो. थंडीचे दिवस सरेतों कांहीं बिघडलें नाहीं. तिमाजीपंतांनीं मनास समजाविलें कीं आपलीच शंका खोटी.

वैशाख लागतांच गणकराजांस ज्वर आला. प्रथम पंखा घोंघावूं लागला, जैसें मधमाशांचें मोहोळच मखरांत शिरलें. मग पडद्यावरील कामें रांगूं लागलीं. सांगावें एक आणि तें दुपारच्या वामकुक्षीनंतर घडावें. आणि मग एके सकाळीं तलावाचें दार अर्धें उघडत असतां गणकराजांनीं आपण होऊन डोळे मिटिले, दार मागें सरकोन बंद जाहलें आणि पाणी थांबलें. घटकाभरानें जागे करावे, पुन्हा दार थोडें उचलावें, पुन्हा निजावें, ऐसा क्रम जाहला. वरच्या पेठेस विहिरी होत्या, त्यांस ऊन तेवढें लागलें. खालची पेठ मात्र कालव्यावर जगणारी. तिचे रांजण तळास गेले. आणि तिमाजीपंतांचें घर खालच्या पेठेंत, अगदीं शेवटचें. घरीं लेक वेणू पहिलटकरीण, बाळंतपणास आलेली, दिवस भरलेले. कुटुंब चिमाबाई वरच्या पेठेंतून घागर भरोन चढण उतरत आणि उंबऱ्यांत टेंकतांच बोलत, "अहो, तुमचा राजा आजारी, म्हणून तुम्ही दिवसभर त्याच्या उशाशी. बरं आहे. उद्या तुमची लेक बाळंत झाली की तिला त्याच्याच आरतीचं तीर्थ पाजू का?" तिमाजीपंत यावर पगडी काढोन घाम पुसत.

मग दरबारांत उपाय सुरू जाहले. दिवाणजी म्हणाले, "कूलर आणा. चांगला वाळ्याचा, मोठ्या तोंडाचा." कूलर आणिला आणि मखरासमोर मांडिला. परंतु त्याचे तुषार गणकराजांचे अंगावर उडों नयेत म्हणोन मखराचीं दारें आणिक घट्ट लाविलीं. तेव्हां वारा कांचेवर आपटे आणि मागें वळोन दरबारांत पसरे. गणकराज निजूं लागल्यापासोन ज्यांनीं तोंड दाखविलें नव्हतें ते कारकून पहांटे येऊन जागा धरूं लागले, आणि दिवाणजींनीं आऊसाहेबांस कळविलें, "उपाय लागू पडला. दरबार कसा भरला आहे पाहावं!" त्यावर राजवैद्य बाबदेव आले. त्यांनीं विजेची तार दोन बोटांत धरोन नाडी पाहिली, डोळे मिटिले आणि म्हणाले, "पित्त. उष्णतेचं पित्त. सब्जाचं बी भिजवून द्या."

"वैद्यराज, ते पाणी घेत नाहीत," तिमाजीपंत म्हणाले.

"कधीपासून?"

"जन्मापासून."

"मग हेच तर कारण!" वैद्यराज म्हणाले, आणि त्यांस शालजोडी मिळाली.

शेवटीं नीळकंठशास्त्री उठले. म्हणाले, "वैशाखात देवांना चंदनाची उटी देतो की नाही आपण? मग ज्यांच्या हातात तलावाची दारं त्यांना का नाही?" हें आऊसाहेबांस फार मानवलें. आणि खरें सांगावें तर तिमाजीपंतांसही मानवलें, कां कीं उटी द्यावयाची तर खोळ काढणें प्राप्त. एकदां निघाली तर कांहीं निमित्तें बाहेरच ठेवूं, ऐसा त्यांनीं बेत केला. सुवासिनींनीं चंदन उगाळिलें, त्यांत केशर घातलें, वाळ्याचें अत्तर घातलें. खोळ निघाली. तिमाजीपंतांनीं वांकोन पेटीच्या छिद्रांतून पाहिलें तों आंत धुळीचें कांबळें दाट विणलेलें, पंख्याचें एक पातें दिसेना. त्यांनीं तोंड पुढें केलें आणि फुंकर मारावयास गाल फुगविले.

"अहो, अहो, तिमाजीपंत!" शास्त्रीबुवा ओरडले. "उष्टी फुंकर? दिवा तरी फुंकून विझवता का हो घरी?"

"शास्त्रीबुवा, आत धूळ आहे."

"असू दे. ती त्यांची स्वतःची आहे."

ऐसें म्हणोन शास्त्रीबुवांनीं चंदनाचा गोळा घेतला आणि गणकराजांचे सर्वांगास बोटभर जाडीनें लेप दिला. छिद्रें जेथें जेथें होतीं तेथें अधिक, कां कीं ऊष्मा तेथूनच येतसे. वर तुळशीपत्र ठेविलें, खोळ घातली, दारें लाविलीं, घंटा वाजविली. लेप वाळला तों छिद्रें भिंतीसारखीं बुजलीं. दरबारांत सुवास सुटला. आधीं चंदनाचा, मग चंदनांत थोडा जळक्या तारेचा. आणि गणकराज जे निजले ते घटकेनें उठेनात, प्रहरानें उठेनात. आऊसाहेब चिंतेंत पडल्या. त्यांनीं सर्वांदेखत विचारिलें, "तिमाजीपंत, तुम्ही अष्टौप्रहर त्यांच्याजवळ. खरं सांगा, तुम्हाला काय वाटतं?" शब्द तिमाजीपंतांचे जिभेच्या शेंड्यावर आला होता. इतक्यांत त्यांनीं पाहिलें तों आऊसाहेबांचे मांडीवर नवें शिवण. गणकराजांस उन्हाळी म्हणोन दुसरी खोळ शिवत होत्या, तीस आंतून मऊ अस्तर. तिमाजीपंत म्हणाले, "आऊसाहेब, वेलबुट्टी फार सुरेख उतरली आहे." आणि शब्द माघारा गेला.

त्याच दिवशीं वेणू बाळंत जाहली, कन्यारत्न जाहलें. आतां चिमाबाईंचा स्वभाव ऐसा कीं रीत म्हणजे रीत. वैशाख असो कीं पौष, बाळंतिणीचे कान बांधिलेच पाहिजेत, खिडकी लाविलीच पाहिजे, बाजेखालीं शेगडी पेटविलीच पाहिजे. वेणू घामानें निथळे आणि म्हणे, "आई, मी भाजतेय गं," आणि चिमाबाई म्हणत, "भाजलीस तर बरी होशील, वारा लागला तर जन्मभर कंबर धरून बसशील." तिमाजीपंतांनीं मध्यें तोंड घालून पाहिलें, त्यांस कण्हेरीच्या झाडाखालीं जाऊन बसावयास सांगण्यांत आलें. पाणी तर घरांत अर्धी घागर. बाळास न्हाऊं घालावें कीं बाळंतिणीस प्यावयास द्यावें, ऐसा प्रसंग. बाळाचे मानेखालीं घामोळें उठोन तें किंचाळूं लागलें आणि तिमाजीपंत दरबाराच्या वाटेस लागले, कां कीं तेथें निदान तें ऐकूं येत नव्हतें.

परंतु दुसरे दिवशीं घरीं येतात तों नवल! खिडकी सताड उघडी, शेगडी परसांत विझलेली, वेणूचे कान मोकळे, आणि चिमाबाई स्वतः विंझणवारा घालीत आहेत. त्या घागर घेऊन बाहेर पडतांच तिमाजीपंतांनीं लेकीस हळूच विचारिलें, "हे गं कसं काय? मी सांगून थकलो."

"सांगून कुठं काय होतं, बाबा?" वेणू म्हणाली. "मी म्हटलं, पहाटे कुलदेवी स्वप्नात आली. म्हणाली, यंदा माझ्या लेकीला मोकळं ठेवा, मला तिची घुसमट सोसत नाही. आईनं मग शेगडीला लाथच मारली."

"आणि देवी आली होती?"

"या उकाड्यात झोप कुणाला लागली होती, बाबा!"

तिमाजीपंतांनीं पगडी घातली, उपरणें झटकिलें, आणि ज्या पायीं आले त्याच पायीं दरबारास गेले. मनीं भय फार. खोटें उघड पडलें तर यंत्रनविशी जाईल. न बोलावें तर उद्यां घागरींत अर्धेंही राहणार नाहीं. बाळाचें किंचाळणें कानांत होतें, त्यानेंच त्यांस लोटीत नेलें. भर दरबारीं उभे राहोन म्हणाले, "आऊसाहेब, बोलू नये, पण दृष्टांत झाला. गणकराज स्वप्नात आले होते."

सारा दरबार सांवरोन बसला. कूलरसमोरचे कारकूनही जागे जाहले.

"काय म्हणाले?" आऊसाहेबांनीं विचारिलें.

"म्हणाले, राजवस्त्रं भोगली, राजगृह भोगलं, उटी भोगली. आता मन विटलं. मृग लागेपर्यंत व्रत घेतो. अंगावर वस्त्र नको, डोक्यावर मखर नको, गंध नको, फूल नको. नुसता चौरंग आणि उत्तरेची खिडकी."

आऊसाहेबांचा चेहरा उतरला. हातांतील सुई थांबली. "म्हणजे आमची खोळ त्यांना रुचली नाही म्हणायची."

परंतु मनुष्य बुडूं लागला म्हणजे त्यास पोहतां येऊं लागतें. तिमाजीपंत म्हणाले, "फार रुचली, आऊसाहेब, म्हणूनच. काशीला गेलं की माणूस कारलं सोडून येत नाही; जिलबी सोडतो. नावडतं सोडलं तर त्याग कसला?"

हें ऐकोन आऊसाहेब बराच वेळ तिमाजीपंतांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "शास्त्रीबुवा?" शास्त्रीबुवांस आपली उटी हुकल्याचें दुःख होतें, परंतु व्रतास नाहीं कोण म्हणेल? ते म्हणाले, "घ्यावं व्रत. मात्र वस्त्र आणि घर सोडलं म्हणजे तो संन्यासच, आणि संन्यास म्हटला की आधी मुंडन." तिमाजीपंतांनीं मनांतल्या मनांत त्यांचे पाय धरिले. लागलीच खोळ काढिली, गणकराजांस मखरांतून उचलिलें, वाळलेला लेप खरवडिला, पेटीची एक बाजू मळसूत्रें सोडवोन अलग केली, आणि आंतील धुळीच्या जटा मऊ कुंचल्यानें उतरविल्या. फुंकर उष्टी म्हणोन सोनाराचा हातभाता आणिला. भाता मारितांच ऐसा लोट उठला कीं दिवाणजी शिंकत शिंकत बाहेर गेले आणि सायंकाळपर्यंत परतले नाहींत. मग सावलीच्या खिडकीशीं चौरंगावर, भिंतीपासोन हात राखोन, गणकराज एका अंगानें उघडे ऐसे बसले. कळ दाबिली. पंखा फिरला, घोंघाव नाहीं, कण्हणें नाहीं, जैसें कोणी मोकळ्या हवेंत स्वस्थ श्वास घ्यावा. पडदा उजळला. तिमाजीपंतांनीं तलावाचें दार उघडावयास हात पुढें केला.

"थांबा!" शास्त्रीबुवा कडाडले. "काय करता?"

"दार उघडतो. खालच्या पेठेचं."

"संन्याशाला कारभार सांगता? वस्त्र टाकलं, घर टाकलं, मुंडन झालं, आणि आता तुम्ही त्यांना तलावाची चाकरी लावणार? मृग लागेपर्यंत त्यांना काही सांगता येणार नाही. शास्त्र आहे."

कारकून माना डोलवूं लागले, कां कीं हजेरीही कारभारांतच मोडे, हें त्यांस शास्त्रीबुवांच्याही आधीं उमगलें होतें. तिमाजीपंतांचा हात वरच्यावर राहिला. गणकराज थंड, ताजेतवाने, जागे. आणि तिमाजीपंतांनींच आपले तोंडें त्यांस कामांतून मोकळें केलेलें. खोटें एक बोलावें तों त्यास शास्त्राचे पाय फुटतात आणि तें आपल्यापुढें चालूं लागतें. आतां दुसरें स्वप्न सांगावें तर सकाळपासोन निजलों कधीं, हा प्रश्न येणार. म्हणाले, "आऊसाहेब, घरी बाळ आहे, कालचं. अर्ध्या घागरीवर आहे." त्या दिवसांतलें त्यांचें येवढें एकच वाक्य बिनखोळीचें होतें.

आऊसाहेब उठल्या. दरबारी रिवाजाप्रमाणें अंगावर भरजरी पैठणी, वर शेला, कपाळीं घामाचे थेंब. शास्त्रीबुवांस म्हणाल्या, "संन्याशाला कारभार वर्ज्य, मान्य. आणि वैशाखात तहानलेल्याला पाणी पाजणं, ते काय? कारभार की पुण्य?"

शास्त्रीबुवा अडखळले. "उदकदान... ते पुण्यच. ते सर्वांनाच विहित."

"मग गणकराजांना ते पुण्य करू द्या. तिमाजीपंत, उघडा दार."

दार उचलिलें गेलें, पुरतें, मध्यें न निजतां. त्या खटपटींत आऊसाहेब खिडकीशीं आल्या आणि कोणास ऐकूं न जाईल ऐशा बेतानें बोलिल्या, "स्वप्न चांगलं पडलं हो तुम्हाला. मखमल उन्हात कशी लागते हे आम्हाला ठाऊक नाही असं वाटलं? आम्ही तसलंच गुंडाळून बसतो इथं रोज. पण आपण पांघरवलेलं आपणच कसं काढावं? कुणीतरी येऊन सांगेल म्हणून वाट पाहत होतो, तर तुम्ही म्हणे वेलबुट्टी सुरेख!" आऊसाहेबांनीं खांद्यावरचा शेला काढोन दासीचे हातीं दिला आणि म्हणाल्या, "आम्हीही घेतलं व्रत. मृगापर्यंत सुती."

पाणी खालच्या पेठेस पोंचलें तेव्हां लोक भांडीं घेऊन धांवले, आणि ज्यांस भांडें सांपडलें नाहीं ते कालव्यांत तसेच बसले. चिमाबाईंनीं नातीस न्हाऊं घातलें. ती ऐसी निजली कीं तिच्या रडण्याची संवय जाहलेले शेजारी विचारावयास आले, बरें आहे ना म्हणोन. तिमाजीपंतांस मात्र चिमाबाईंनीं सांगितलें, "बघा, देवीला कळलं ते तुमच्या दरबाराला कळेना." त्यांनीं मान हलविली. देवीविषयीं कांहीं बोलावयाची सोय नव्हती.

येथवर सर्व ठीक. परंतु हजेरी बंद, खरमरीत पत्रें बंद. दफ्तरांत कारकुनांस जें सौख्य जाहलें तें वर्णितां येत नाहीं. मृग लागावयास दिवस उरला तेव्हां झाडून साऱ्या कारकुनांस पहांटे एकच स्वप्न पडलें: गणकराज आले आणि म्हणाले, व्रत दसऱ्यापर्यंत वाढवितों. दिवाणजींनींही हळूच सांगितलें कीं आपणांसही पुसटसें दिसलें. आऊसाहेबांनीं सर्वांचें शांतपणें ऐकिलें आणि म्हणाल्या, "आम्हालाही पडलं. वाढवतो म्हणाले खरं, पण पुढं एक वाक्य आहे, ते तुमच्या झोपेत निसटलं असावं. म्हणाले, गुरूनं व्रत धरलं की शिष्यांनीही धरावं. दफ्तरानं आजपासून आमरस सोडावा. खालच्या पेठेत अजून हापूस आहे म्हणतात." दुसरे दिवशीं सकाळीं सर्वांस पुन्हा स्वप्न पडलें कीं व्रत सुटलें. आऊसाहेबांनीं तें मान्य केलें आणि मग यंत्रनवीसांकडे वळोन विचारिलें, "आणि तुम्हाला, तिमाजीपंत? तुम्हाला काही पडलं नाही?"

"नाही, आऊसाहेब," तिमाजीपंत म्हणाले. "नात झोपू देत नाही."

एवंच, वैशाखांत ज्वर आला आणि मृगाचे आंत उतरला. गणकराज पुन्हा कारभारीं लागले, परंतु चौरंग आणि खिडकी त्यांनीं सोडिली नाहीं. मखरांत सध्यां दिवाणजींच्या छत्र्या राहतात. दोन्ही खोळी पेटींत डांबराच्या गोळ्या घालोन ठेविल्या आहेत. शास्त्रीबुवांचे मतें गुण उटीचा, वैद्यराजांचे मतें न दिलेल्या सब्जाचा, दिवाणजींचे मतें कूलरचा. गणकराजांनीं आपलें मत कोणास सांगितलें नाहीं, आणि आजपर्यंत त्यांस तें कोणी विचारिलेंही नाहीं. इतकें घडलें, तितकें लिहिलें.